गाडी चालू आहे

५ जानेवारी

रोजनिशी एक तारखेलाच सुरू करणार होतो. चांगलं पेन मिळेना. पेन हे हत्यार आहे, वाटेल ते उचलून चालत नाही.

आज गाडीने तीन लाख किलोमीटर ओलांडले. पुलावर असताना आकडा फिरला. हिला म्हणालो, बघ, बघ! ही म्हणाली, तुम्ही पुढे बघा.

जेवताना घरच्यांसमोर गाडीबद्दल चार शब्द बोललो. घरचे म्हणजे ही आणि मुलगी. मुलगी बाळंतपणासाठी आली आहे, जावई बोटीवर आहे आणि बोट भर समुद्रात. दोघींना हायब्रिड म्हणजे काय ते सोप्या भाषेत समजावलं. पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर, दोघं मिळून ओढतात. हळू जाताना वीज, जोर लागला की पेट्रोल. आणि मुख्य म्हणजे ही गाडी आपली बॅटरी आपणच भरते. वायर नको, सॉकेट नको, कुणाचे उपकार नकोत. जगात स्वावलंबी गोष्टी दोनच, एक ही गाडी आणि दुसरा कामगार! ही म्हणाली, जेवण गार झालं.

मुलीला शब्द दिला, दवाखान्यात तुला मीच नेणार, याच गाडीतून. तिचा रक्तदाब वर आहे. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, कळा सुरू झाल्या की थांबायचं नाही, तडक निघायचं. दवाखाना पुलापलीकडे.

ठराव: गाडी कायम सज्ज ठेवणे. एकमताने मंजूर.

९ जानेवारी

गाडीचं ॲव्हरेज कोसळलं. रविवारी टाकी अर्धी होती, आज काटा तळाला. आणि मी गेलो कुठे? वाचनालय, केशकर्तनालय, परत वाचनालय (चष्मा विसरलो होतो).

दोन शक्यता. एक, बॅटरी थकली आणि सगळा भार पेट्रोलवर आला. दोन, वकील.

वकील म्हणजे शेजारी. त्याची गाडी आमच्या शेडला लागूनच असते. सकाळी मला बघून हसतो. कारण नसताना हसणारा माणूस चालू असतो, हा माझा युनियनमधला पस्तीस वर्षांचा अनुभव.

११ जानेवारी

गॅरेजवाल्याकडे गेलो. त्याने यंत्र लावलं, डोकं खाजवलं. म्हणाला, काका, तीन लाखांनंतर बॅटरी थकणारच. खराब सेल बदलून देतो, नाहीतर सरळ गाडीच बदला. पण एवढं पेट्रोल बॅटरीमुळे नाही जाणार. उतरताना गाडी नीट बंद करता ना?

मी म्हणालो, अरे, अख्खा कारखाना बंद करून दाखवलाय मी, एकवीस दिवस! गाडी बंद करता येत नाही होय?

हसला. मग काहीतरी पुटपुटला. गॅरेजवालेही आता पुटपुटायला लागले.

सेल बदलायचे तर दोन दिवस गाडी त्याच्याकडे ठेवावी लागेल. ते शक्य नाही. मुलीला कधीही निघावं लागेल. म्हणजे गाडी बिनभरवशाची आहे म्हणून दुरुस्त करायची, आणि दुरुस्तीला देता येत नाही कारण ती सज्ज हवी. प्रश्न सखोल आहे. वाचनालयातून बॅटरीवरचं पुस्तक आणलं. पहिली शंभर पानं विजेने उडणाऱ्या बेडकाच्या पायावर आहेत.

१३ जानेवारी

हिच्या हट्टाखातर शोरूमला गेलो. तत्त्व म्हणून आधीच सांगून ठेवलं, मी विकत घ्यायला आलेलो नाही, बघायला आलोय.

काय बघायचं? गाडीत बटणंच नाहीत, एक मोठी काच आहे. तिथली मुलगी गोड होती, पण ओठातल्या ओठात बोलणारी. मी सौजन्य म्हणून मान डोलावत होतो. तेवढ्या जोरावर तिने माझ्या नावावर लाल रंगाची गाडी नोंदवली. ही म्हणाली, तुम्ही तीनदा हो म्हणालात. मी म्हणालो, हो म्हणालो नाही, मान हलवली. ती नोंद रद्द करायला पाऊण तास गेला. ती मुलगी फारच कमी आवाजात माफी मागत होती. मीही उदारपणे मान हलवणार होतो, हिने हात धरला.

परतताना हिला ऐकवलं, कारखान्यात नवी यंत्रं आली तेव्हा मालक काय म्हणाला होता आठवतं? जुन्या माणसांचं आता काय करायचं? तेव्हा फाटकावर टेबल टाकून मी सांगितलं होतं, माणूस म्हणजे सुटा भाग नव्हे! समोर पत्र्याचे डबे ठोकणारे चाळीस प्रेस धडधडत होते आणि माझा आवाज त्यांच्यावर चढत होता, माईकशिवाय! तो माणूस आज लाल गाडी घेणार?

ही म्हणाली, लाल नको, पांढरी घ्या. पण घ्या काहीतरी. पोरीसाठी तरी.

तत्त्वाचा मुद्दा होता, तिने रंगावर नेला.

१७ जानेवारी

मोठा विजय. तारीख लक्षात ठेवण्यासारखी.

वाचनालयातून येऊन पडलो होतो. ही शेडकडून आली आणि दारातून म्हणाली, अहो, गाडी चालू आहे.

दोन आठवडे ही बाई गाडीच्या विरोधात होती. मोडकी म्हणाली, खटारा म्हणाली. आज स्वतः तपासून आली आणि मान्य केलं, गाडी चालू आहे! मी उठूनही बसलो नाही. म्हणालो, मग! मी इतके दिवस काय सांगतोय? ही बघत राहिली. म्हणाली, आपली आपण भरतेय म्हणायची. आणि आत गेली.

संध्याकाळी मुलीनेही तेच. तिची खोली शेडच्या वरच आहे. जिना उतरून आली, कठड्याला धरून, पावलापावलाला थांबत, आणि म्हणाली, बाबा, गाडी अजून चालू आहे. ‘अजून’ हा शब्द किती बोलका आहे! तीन लाख किलोमीटरनंतर, अजून! डोळ्यांत पाणी आलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, बाळा, अजून पुष्कळ वर्षं चालू राहील.

ती म्हणाली, बाबा, तुम्हाला बरं वाटतंय ना?

ठराव: दुरुस्तीच. बदल नाही. तीन विरुद्ध शून्य.

१८ जानेवारी

काटा पुन्हा तळाला! परवा भरलं होतं.

आता शंकेला जागाच नाही. फाटकात उभा राहून, कुणाचंही नाव न घेता बोललो. म्हणालो, दुसऱ्याच्या घामाचं पेट्रोल पिणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं, इतिहास माफ करत नाही! वकील झाडांना पाणी घालत होता. नळी खाली ठेवून कुंपणाशी आला आणि बरंच काही बोलला. त्यातला एक शब्द मला स्वच्छ ऐकू आला. चालू.

मला! मला चालू म्हणाला!

मी म्हणालो, चालू कोण ते सगळ्या गल्लीला माहीत आहे! तो शेडकडे बोट दाखवायला लागला. मी पाठ फिरवली. चोर नेहमी दुसरीकडे बोट दाखवतो.

घरात आल्यावर ही म्हणाली, ओरडत होतात कशाला? मी म्हणालो, ओरडत नव्हतो, बोलत होतो.

२२ जानेवारी

युनियनची वार्षिक सभा. दरवर्षीप्रमाणे मुख्य भाषण माझं. यंदा विषय ‘दुरुस्ती हाच धर्म’. मी मनापासून बोललो. जे टिकवता येतं ते टाकणारा समाज उद्या म्हाताऱ्यांना टाकेल, परवा आजाऱ्यांना टाकेल. मागच्या रांगेतले कुजबुजत होते. पूर्वी माझ्या सभेत टाचणी पडली तर ऐकू यायची. हल्ली टाचण्याही हलक्या येतात.

प्रश्नोत्तरांत पॅकिंग विभागातली एक तरुण बाई उठली. तिने पाळतीबद्दल विचारलं. विषय माझ्या हातखंड्याचा! कॅमेरे, हजेरीची यंत्रं, कामगाराच्या प्रत्येक हालचालीवर ठेवलेली नजर, पंधरा मिनिटं आग ओकली. सभागृहात हशा, टाळ्या. इतका प्रतिसाद कित्येक वर्षांत नव्हता.

बाहेर आल्यावर सेक्रेटरीने कानाशी येऊन सांगितलं, साहेब, ती पाळणाघराबद्दल विचारत होती.

मग म्हणालो, पाळणाघर हीसुद्धा एक प्रकारची पाळतच आहे.

बरोबरच आहे ते.

घरी कुणाला सांगितलं नाही.

२५ जानेवारी

मुलगी सकाळी माझ्याजवळ येऊन बसली. हात हातात घेतला. लहानपणी काही मागायचं असलं की अशीच बसायची. म्हणाली, बाबा, एकदा काम दाखवायला हवं. नुसतं असं चालवून नाही भागणार.

अगदी पटलं. तडक गॅरेजवाल्याकडे गेलो आणि म्हणालो, काम दाखव. तो म्हणाला, कसलं काम? तुम्ही गाडी दिलीच कुठे? मी म्हणालो, माझ्या मुलीचं म्हणणं आहे, काम दाखवलंच पाहिजे. तो म्हणाला, काका, बसा, पाणी घ्या.

घरी येऊन मुलीला सांगितलं, दाखवायला काही कामच झालेलं नाही. ती हिच्याकडे बघायला लागली आणि ही तिच्याकडे. मग ही जवळ आली, अगदी तोंडासमोर, आणि आपल्या कानाला हात लावून म्हणाली, कान! कान!

म्हणालो, तुझा दुखतोय का?

जेवलो नाही. भूक नव्हती. माझे कान पस्तीस वर्षं सभा ऐकत आलेत. लोकांना नीट बोलता येत नाही, आणि दाखवायचे माझे कान! शब्द फेकायचा असतो, चघळायचा नसतो. हे मी हिला सविस्तर समजावलं. ही उत्तरादाखल काही बोलली असेल. पाठमोरी होती.

२८ जानेवारी

ठराव: निर्णयासाठी समिती नेमणे. सभासद: मी. मुदत: बाळंतपणानंतर.

गॅरेजवाल्याचे सेल आले म्हणे. त्याने तीन फोन केले, असं त्याचं म्हणणं. माझ्या फोनला एकही आला नाही.

३१ जानेवारी

आज सकाळी टाकी भरली. पण भरून उपयोग काय, राखली पाहिजे. वकिलाला रंगेहाथ पकडायचं ठरवलं. दुपारी शेडमध्ये गाडीत जाऊन बसलो, सीट मागे करून. उकडत होतं म्हणून बटण दाबून गाडी सुरू केली, एसी लावला. काय ती गाडी! सुरू केली तरी सुरू आहे असं वाटत नाही. सुई हलते, थंड वारा येतो आणि आवाजाचा लवलेश नाही. जुनं ते जुनं. नव्या गाड्यांना हे जमायचं नाही.

चहाच्या वेळेपर्यंत पाळत ठेवली. मध्ये थोडा डोळा लागला. वकील फिरकला नाही. घाबरलेला दिसतो.

उतरलो, दार लावलं. किल्ली खिशात. टाकी भरलेली. दवाखान्याची पिशवी दाराशी. आता कळा कधीही येऊ देत.

२ फेब्रुवारी

दवाखान्यातल्या बाकावर लिहितोय.

सकाळी ही नळावर गेली म्हणून मुलीकडे लक्ष ठेवायला मला सांगून गेली होती. मी वरच्याच मजल्यावर होतो, दोन खोल्या सोडून, बेडकाच्या पायाचं प्रकरण संपवत. मुलगी हाका मारत होती म्हणे. बराच वेळ. मला वाटलं झोपलीय. शेवटी खांदा कुणी तरी हलवला म्हणून बघितलं तर वकील. त्याच्या अंगणात ऐकू गेलं होतं.

तोवर ही धावत आली. मुलीला दोघांनी जिन्यावरून उतरवलं. मी पुढे पळालो. गाडीत बसलो, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. एक दिवा नाही, काही नाही. परवा भरलेली टाकी.

ही ओरडली, अहो, परवापासून चालूच होती की!

मी म्हणालो, चालू होती तर चालू का होत नाही?

हे वाक्य मी बरंच मोठ्याने म्हणालो असणार. कारण मुलगी, कळा येत असताना, हसली. मग लगेच तिचा चेहरा वाकडा झाला आणि तिने माझ्या गाडीच्या बॉनेटवर हात टेकला. बॉनेट गार होतं.

वकिलाने गाडी काढली. मी पुढे बसलो. पुलावर गर्दी होती. मागे आरशात मुलीचं तोंड दिसत होतं, उघडं, आणि हिचा हात तिच्या कपाळावर. आवाज यायला हवा होता. वकील माझ्याशी बोलत होता, की नव्हता, ठाऊक नाही. मी मान हलवली नाही.

आत नेलंय. रक्तदाब खूप वर आहे. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघून काही म्हणाल्या आणि हिने माझ्याऐवजी उत्तर दिलं.

ठराव सुचत नाही.

२ फेब्रुवारी, दुपार

नात झाली. दोघी सुखरूप. वकिलाने पेढ्याचा नाही तर निदान चहाचा मान घ्यावा म्हणून मी खाली गेलो, तर तो केव्हाच कोर्टात गेला होता.

नर्सने बाळ हिच्या हातात दिलं. ते लालबुंद. तोंड टाळ्यापर्यंत उघडं, मुठी आवळलेल्या. आणि रडत नव्हतं.

बाळ रडलं नाही तर काय होतं ते मला ठाऊक आहे, तेवढं वाचलंय. मी नर्सला म्हणालो, हे रडत का नाही? काहीतरी करा! बोलवा कुणाला तरी! सगळ्या वॉर्डाने वळून बघितलं. नर्स आधी बाळाकडे बघायला लागली, मग माझ्याकडे.

हिने बाळ माझ्या कानाशी आणलं, अगदी लावलंच. गालाला ऊब लागली. आणि मग आत कुठेतरी, भिंतीपलीकडे दूर कुणी दार घासत उघडावं तसं, बारीक काहीतरी आलं.

रडत होती. जन्मल्यापासून रडत होती.

६ फेब्रुवारी

गॅरेजवाला घरी येऊन गेला. टाकीत थेंब नाही. टाकी संपल्यावर एसी बॅटरीवर चालत राहिला आणि बॅटरी तळापर्यंत उपसली गेली. आता चार सेलवर भागणार नाही, अख्खा संच बदलायचा. थकलेली होती, पण मेली नव्हती. मी मारली.

त्याने विचारलं, गाडी चालू ठेवून उतरलं की ती वाजते ना, काका?

वाजते, मी म्हणालो.

तो गेल्यावर हिला विचारलं, महिनाभर शेडमध्ये बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होत होतं तर मला सांगितलं का नाहीस? ही म्हणाली, रोज सांगत होते. पोरगी सांगत होती. शेजारचे कुंपणाशी येऊन सांगून गेले. तुम्ही म्हणायचात, मग, मी काय सांगतोय! आम्हाला वाटलं बॅटरी भरतेय. आपली आपण भरते, हे तुम्हीच नाही का तासभर सांगितलं?

माझं वक्तृत्व इतकं प्रभावी असेल याची मलाही कल्पना नव्हती.

वकिलाकडे जायला हवं. उद्या.

७ फेब्रुवारी

उद्या.

११ फेब्रुवारी

कानाच्या डॉक्टरांकडे. काचेच्या खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. मी भरपूर दाबलं, कंजुषी केली नाही. डॉक्टरांनी कागदावर रेघ दाखवली. सुरुवातीला ठीक चाललेली, मग कड्यावरून उडी मारलेली. जाड आवाज येतात, बारीक येत नाहीत. बायकांचे, पोरांचे, घंट्यांचे, शिट्ट्यांचे. विचारलं, गोंगाटात काम केलंय का? मी अभिमानाने सांगितलं, चाळीस प्रेस, माईकशिवाय.

दुरुस्ती? नाही म्हणाले, गेलेलं परत येत नाही. मग बदल? तोही होत नाही. जे उरलंय त्याला जोड द्यायची, एवढंच.

दुरुस्ती नाही, बदल नाही. दोन्ही बाजूंनी बोलायची माझी तयारी होती, तिसरी बाजू निघाली.

येताना कुंपणाशी वकील भेटला. मी म्हणालो, माझी चूक झाली. त्याने उत्तर दिलं. मी म्हणालो, जरा मोठ्याने बोलता का? उभ्या आयुष्यात हे वाक्य कुणाला म्हटलं नव्हतं. तो मोठ्याने म्हणाला, काही हरकत नाही, पोरगी कशी आहे? गल्लीला ऐकू गेलं असेल.

१६ फेब्रुवारी

दोन्ही कानांत यंत्रं. जग फार खडबडीत आहे. वर्तमानपत्र तर पत्र्यासारखं वाजतं. माझ्या चपला वाजतात. ही स्वयंपाकघरात एकटीच माझ्याबद्दल बोलते. पुष्कळ बोलते. किती वर्षांपासून, ते विचारायचं धाडस झालं नाही.

फोन वाजला, आणि मी उचलला. सेक्रेटरी होता. पुढच्या सभेत ती पॅकिंगमधली बाई बोलणार आहे, पाळणाघरावर. मला पहिल्या रांगेत खुर्ची ठेवलीय, ऐकायला. येतो म्हणालो.

नात दिवसभर रडते. यंत्र बंद करायचं बटण कुठे आहे ते मला ठाऊक आहे. ही दोनदा म्हणाली, त्रास होत असेल तर बंद करा. केलं नाही.

२१ फेब्रुवारी

गाडी आली. दुसऱ्या गाडीतून काढलेली वापरलेली बॅटरी बसवली आहे. दुरुस्ती म्हणायची की बदल, समितीने ठरवलेलं नाही.

नातीला तपासणीला घेऊन गेलो. ही शेजारी, मुलगी आणि नात मागे. सावकाश. पुलावर कुणी काही बोललं की मी उत्तर देत होतो, बहुतेक त्याच प्रश्नाचं.

घरी आलो. दोघी बाळाला घेऊन पुढे झाल्या. मी उतरलो, दार लावलं, निघालो. मागून तीनदा बारीक वाजलं. चिडक्या पाखरासारखं.

हिला हाक मारली. म्हणालो, ऐक, ऐक! हा काहीतरी नवा आवाज आहे. नव्या बॅटरीचा असणार. गॅरेजवाल्याला दाखवायला हवं.

ही पायरीवर थांबली. म्हणाली, नवा कुठला? पहिल्यापासून आहे.

परत गेलो. बटण दाबून गाडी बंद केली.